मॉरिशस : अठराव्या वर्षी मिळालेलं मत आणि १९७२ची खानेसुमारी

रानजाई

मॉरिशसमध्ये निवडणुकीला उभं राहायचं तर उमेदवारी अर्जावर आपला समाज लिहून द्यावा लागतो. पर्याय चार. हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन, आणि या तिन्हींत न बसणारे सगळे 'जनरल पॉप्युलेशन'. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज क्रिओल, उसाच्या मळ्यांचे मालक असलेले गोरे फ्रेंच वंशाचे, मिश्र घरांतले, सगळे त्या चौथ्या रकान्यात. कोण कुठला याची घटनेतली कसोटी आहे माणसाची राहणी. आणि या समाजांची लोकसंख्या मोजायला जे आकडे धरतात ते १९७२च्या खानेसुमारीतले, कारण पुढच्या जनगणनेतून समाजाचा प्रश्न काढूनच टाकला गेला.

२०२४ साली तिथे पहिल्यांदा मत देणारी पोरं २००५-०६च्या आसपास जन्मलेली. त्यांचं प्रतिनिधित्व मोजायचं कशावर, तर त्यांचे आजी-आजोबा तरुण असतानाच्या शिरगणतीवर. मला हे फार खटकतं. म्हणून हा धागा.

ही व्यवस्था वाईट हेतूने आली नव्हती, हे आधीच सांगते. १९६७ची निवडणूक म्हणजे जवळपास स्वातंत्र्यावरचं सार्वमतच होतं, आणि त्यात सुमारे ४४ टक्के मतं स्वातंत्र्य नको म्हणणाऱ्या बाजूला पडली. हिंदू बहुसंख्य असलेल्या देशात आपलं काय होणार, ही भीती त्यामागे मोठी होती. जानेवारी १९६८मध्ये पोर्ट लुईत क्रिओल आणि मुस्लिम वस्त्यांत दंगली पेटल्या, ब्रिटिश फौज बोलवावी लागली, आणि त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १२ मार्चला, देश स्वतंत्र झाला. अशा वेळी प्रत्येक समाजाला संसदेत थोडी तरी हमी हवी, म्हणून 'बेस्ट लूझर' पद्धत ठेवली. निवडून आलेले ६२, आणि वर जास्तीत जास्त ८ जागा हरलेल्यांतल्या चांगली मतं मिळवणाऱ्यांना, कमी पडलेल्या समाजाचा तोल सांभाळायला.

या भीतीच्या वातावरणात वाढलेल्या पोरांनीच पहिल्यांदा वेगळं बोलायला सुरुवात केली. १९६९मध्ये पॉल बेरांजे, देव विरासामी, जुनिद जीरुबरकान वगैरे तरुणांनी एमएमएम (मुव्हमाँ मिलितां मोरिसियें) हा पक्ष काढला. एक फ्रेंच वंशाचा, एक तेलुगू घरातला, एक मुस्लिम. दंगलीला दोन वर्षंही झाली नव्हती. गोदी कामगार, बस कामगार, ऊस कामगार यांना त्यांनी संघटित केलं आणि सांगितलं की भांडण जातीधर्माचं नाही, पोटाचं आहे. १९७० साली विरासामी पोटनिवडणुकीत निवडून आले, तेही पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांचा प्रभाव असलेल्या उत्तर भागातल्या हिंदूबहुल मतदारसंघातून. सरकार हादरलं. १९७१च्या संपांनंतर आणीबाणी आली, नेते तुरुंगात गेले, १९७२ला अपेक्षित असलेली निवडणूक झालीच नाही.

मग आला २० मे १९७५. शाळा-कॉलेजातली मुलं रस्त्यावर उतरली. सरकारी कॉलेजं मोजकी आणि चांगली, बाकीच्यांना फी भरून यथातथा खासगी शाळा. अभ्यासक्रम इंग्रजांच्या काळातला. घरी बोलतो ती क्रिओल भाषा वर्गात कुठेच नाही. राजधानीकडे निघालेल्या मुलांना ग्रँड रिव्हर नॉर्थ वेस्टच्या पुलावर पोलिसांनी अडवलं, अश्रुधुर सोडला. ती पोरं हिंदू, क्रिओल, मुस्लिम, चिनी सगळी एकत्र होती, आणि ते महत्त्वाचं आहे, कारण सात वर्षांपूर्वी याच शहरात गल्ल्या वाटल्या गेल्या होत्या. त्याच वर्षी मतदानाचं वय २१वरून १८वर आलं. १९७७पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं.

डिसेंबर १९७६ला निवडणूक झाली तेव्हा १८ ते २१ वयाची फौज पहिल्यांदा रांगेत होती. एमएमएम ३४ जागा घेऊन सर्वांत मोठा पक्ष ठरला. सत्ता मिळाली नाही, रामगुलाम यांनी जुन्या विरोधकांशी हातमिळवणी करून सरकार टिकवलं. पण १९८२ला त्याच पिढीने मुख्य बेटावरच्या ६० पैकी ६० जागा एमएमएम असलेल्या विरोधी आघाडीला दिल्या. एक जनता, एक राष्ट्र अशी घोषणा होती. नऊ महिन्यांत ती आघाडी फुटली. अर्थधोरण, भाषा, नेत्यांची चढाओढ, आणि शेवटी पुन्हा समाजाच्या नावाने झालेली मोर्चेबांधणी.

माझं म्हणणं असं, की तरुणांनी तिथे सरकारं पाडली, पक्ष घडवले, फी रद्द करून घेतली. पण समाज मोजण्याचं ते १९७२चं कोष्टक कोणीच हलवू शकलं नाही, आणि जोवर ते आहे तोवर प्रत्येक नवी पिढी निवडणुकीच्या आधी 'मॉरिशियन' असते आणि उमेदवारी अर्ज भरताना पुन्हा चार रकान्यांत जाते. तुम्हाला काय वाटतं?

---

सह्यभटक्या

उत्तम धागा. एक तुलना लगेच डोळ्यासमोर आली. आपल्याकडे मतदानाचं वय २१वरून १८ करणारी ६१वी घटनादुरुस्ती १९८८ची, लागू झाली मार्च १९८९मध्ये. म्हणजे मॉरिशसने आपल्या तेरा-चौदा वर्षं आधी केलं. आपल्याकडे ते वरून आलं, पंचविशीतल्या-तिशीतल्या कोणी त्यासाठी लाठ्या खाल्ल्याचं आठवत नाही.

पण एक शंका. वय कमी केलं ते मुलांच्या दबावाने, की रामगुलाम यांनी हिशेब करून? निवडणूक पुढे ढकललेली, आणीबाणी, मे महिन्यातला उद्रेक. असंतोष रस्त्यावर राहण्यापेक्षा मतपेटीत गेलेला बरा, असा विचार कोणताही मुरलेला राजकारणी करेल.

---

रानजाई

@सह्यभटक्या, दोन्ही खरं असावं. मोफत शिक्षणाची घोषणाही निवडणुकीच्या तोंडावरच झाली, त्यामुळे हिशेब होताच. पण हिशेब करायची वेळ त्यांच्यावर आणली कोणी? आठ वर्षं सार्वत्रिक निवडणूकच न घेतलेल्या सरकारला आपणहून नवे मतदार कशाला हवे असतील?

---

वाकोआची_सून

माहेर चिपळूण, सासर मॉरिशसमधलं वाकोआ, म्हणून लिहायला बसले.

माझ्या सासूबाई १९७६च्या त्या पहिल्या तरुण मतदारांतल्या. मुलींनी मोर्चात जायचं नाही असा घरून दम होता, तरी त्यांच्या वर्गातल्या बऱ्याच जणी गेल्या असं त्या सांगतात. त्यांच्या आठवणीत राजकारणापेक्षा फीच जास्त आहे. दोन भावांची फी भरली की बहिणीला घरी बसवायचं, हे तेव्हा घरोघरी चालायचं. मोफत शिक्षणाने सर्वांत जास्त काय बदललं असेल तर मुलींचं आयुष्य. त्यांच्या धाकट्या बहिणी शिकल्या, शिक्षिका झाल्या. तुमच्या लेखात हा भाग एका ओळीत गेला, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

बहुसांस्कृतिक म्हणजे काय ते आमच्या घरात असं दिसतं: आपसांत क्रिओल, पेपर फ्रेंच, सरकारी कागद इंग्रजी, आणि गणपतीत आरती मराठी. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. तशीच चिनी नववर्षाला, ईदला, तमिळांच्या कावडीला, महाशिवरात्रीला, १ फेब्रुवारीला गुलामगिरी संपल्याची आणि २ नोव्हेंबरला गिरमिटिया मजूर आल्याची. शेजारची क्रिओल मुलं आमच्या विसर्जनाला समुद्रावर येतात, आम्ही त्यांच्याकडे नाताळला जातो. यात कुठेही दिखावा नाही, रोजचं आहे.

आणि तरीही निवडणूक जवळ आली की घराघरात चर्चा सुरू होते, अमुक मतदारसंघात आपला माणूस दिला की नाही. 'आपला' म्हणजे नुसता हिंदू चालत नाही. वैश्य, राजपूत, रविवेद, तमिळ, तेलुगू, मराठी, सगळं पाहिलं जातं. अर्जावर रकाने चार असतील, पक्षांच्या तिकीटवाटपात त्याहून कितीतरी जास्त असतात.

---

सलीम_मालेगाव

धागा वाचताना एक बाजू राहिली असं वाटलं, ती मांडतो.

बेस्ट लूझर ही नुसती ब्रिटिशांनी लादलेली गोष्ट नव्हती. मुस्लिम नेते अब्दुल रझाक मोहम्मद यांनी त्यासाठी अक्षरशः झगडून हमी मिळवली. ते स्वातंत्र्याच्या बाजूने होते, पण म्हणत होते की लोकसंख्येने लहान समाजाला संसदेत जागेची खात्री नसेल तर तो स्वातंत्र्याला घाबरणारच. निवडणूक पद्धत ठरवायला नेमलेल्या १९६६च्या बॅनवेल आयोगाच्या शिफारशींवरून मोठा वाद झाला आणि त्यातून आजचं आठ जागांचं रूप आलं.

लहान समाजातला माणूस म्हणून सांगतो. 'आपण सगळे एकच' हे वाक्य मोठ्या संख्येच्या माणसाला म्हणायला सोपं असतं. त्याची जागा कुठे जाणार नसते. मॉरिशसमध्ये ५० वर्षांहून जास्त काळ सत्तांतरं मतपेटीतून झाली, पराभूत पंतप्रधानांनी खुर्ची सोडली, यात या हमीचा काहीच वाटा नाही असं म्हणता येईल का? तरुणांना रकाना नको वाटतो, मला समजतं. पण रकाना काढला आणि पुढच्या संसदेत चिनी वंशाचा एकही माणूस नाही, असं झालं तर? त्या समाजाच्या विशीतल्या पोरीला तेव्हा कोणतं मूल्य सांगणार?

---

रानजाई

@सलीम_मालेगाव, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. भीती खरी होती आणि हमीने देश सावरला, हे मी मनापासून मान्य करते.

माझा आक्षेप हमीला नाही. माणसाला जबरदस्तीने रकान्यात घालण्याला आहे. रेझिस्तान्स एक आल्तेर्नातिव या छोट्या डाव्या पक्षातल्या लोकांनी अर्जावर समाज लिहायला नकार दिला, अर्ज बाद झाले, ते न्यायालयात गेले, आणि शेवटी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे. २०१२मध्ये समितीने स्पष्ट सांगितलं, की आकडे १९७२नंतर अद्ययावत केलेलेच नसताना उमेदवाराला समाज जाहीर करायला लावणं मनमानी आहे आणि त्याच्या राजकीय हक्कांचा भंग आहे. त्यानंतर २०१४च्या निवडणुकीपुरता तात्पुरता कायदा केला: समाज सांगायचा नसेल तर सांगू नका, मात्र बेस्ट लूझरच्या जागेसाठी तुमचा विचार होणार नाही. मला हा मार्ग योग्य वाटला. ज्याला हमी हवी त्याने रकाना भरावा, ज्याला नको त्याला मोकळं सोडावं. पण २०१९ला पुन्हा जुनाच नियम, आणि पुन्हा अर्ज बाद.

नवी खानेसुमारी करून आकडे अद्ययावत करा, असंही काही जण म्हणतात. मला त्याची धास्ती वाटते. समाजांची ताजी शिरगणती झाली की प्रत्येक पक्ष ती घेऊन तिकीटवाटपाला बसेल.

---

गणितवेडा

थोडं यंत्रणेबद्दल, कारण खरी अडचण मला तिथेच दिसते.

मुख्य बेटावर २० मतदारसंघ, प्रत्येकात ३ जागा. देशाच्याच रॉड्रिग्ज बेटाच्या २. मतदाराने जेवढ्या जागा तेवढी मतं द्यायचीच असतात, कमी दिली तर मतपत्रिका बाद. म्हणून पक्ष प्रत्येक मतदारसंघात तिघांचा संच देतात आणि तो संच तिथल्या समाजांच्या मिश्रणाप्रमाणे बेततात. वाकोआच्या ताईंनी सांगितलेली तिकीटवाटपाची चर्चा इथूनच उगवते. तीन मतांपैकी एक तरी 'आपल्या'ला पडावं अशी सोय या रचनेतच आहे, तेव्हा अर्जावरचा रकाना उद्या काढला तरी हा हिशेब चालूच राहील.

दुसरं, वाऱ्याची दिशा थोडी बदलली की सगळंच्या सगळं एका बाजूला जातं. १९८२, १९९५ आणि २०२४, तीनदा मुख्य बेटावर ६०-० असा निकाल लागला. २०२४मध्ये हरलेल्या सत्ताधारी आघाडीला चौथ्या हिश्श्याहून जास्त मतं होती आणि थेट निवडून आलेला एकही नाही. सलीमभाई, तुम्ही म्हणता ती हमी प्रमाणशीर प्रतिनिधित्वानेही देता येते, म्हणजे पक्षांच्या मतांच्या प्रमाणात काही जागा यादीतून. निवडणूक सुधारणांसाठीच्या २००२च्या सॅक्स आयोगाने अशा जास्तीच्या जागा सुचवल्याच होत्या. यादीत पक्षाने सगळ्या समाजांचे लोक घ्यायचे, आणि उमेदवाराला स्वतःवर शिक्का मारून घ्यावा लागत नाही.

---

जुईली

२०२४बद्दल कोणीच नीट लिहिलं नाही, म्हणून लिहिते. मी तेव्हा कामानिमित्त मॉरिशसमधल्या एबेनमध्ये होते.

त्याची सुरुवात मी २०२०पासून धरते. जुलैमध्ये वाकाशियो हे जपानी मालकीचं जहाज प्रवाळावर चढलं, ऑगस्टमध्ये तेल सुटलं. सरकारी यंत्रणा हलेपर्यंत माहेबुर्गच्या किनाऱ्यावर हजारो लोक जमले होते. उसाची वाळलेली पानं कापडात भरून शिवायची आणि ते लांबच लांब तरंगते बांध समुद्रात सोडायचे. कोणी केस कापून दिले, केस तेल धरतात म्हणून. ऑगस्टच्या शेवटी पोर्ट लुईत जो मोर्चा निघाला तो कित्येक वर्षांतला सर्वांत मोठा. काळे कपडे, हातात राष्ट्रध्वज, आणि कोणत्याही एका समाजाचा मोर्चा नाही. माझ्या ऑफिसातल्या विशी-पंचविशीतल्या मुलांसाठी राजकारण तिथे सुरू झालं.

मग ऑक्टोबर २०२४. 'मिसिए मुस्तास' या टोपणनावाने समाजमाध्यमांवर ध्वनिफिती यायला लागल्या. नेते, पत्रकार, पोलीस अधिकारी यांचे चोरून टेप केलेले फोन. जेवणाच्या सुट्टीत सगळे तेच ऐकत बसायचे. १ नोव्हेंबरला सरकारने समाजमाध्यमंच बंद केली, ११ तारखेपर्यंत. मतदान होतं १०ला! पोरांचा संताप मी पाहिला आहे. क्रिओल, हिंदू, मुस्लिम असा फरकच नव्हता त्यात, प्रत्येकाचा फोन बंद झाला होता. एका दिवसात सरकारला बंदी मागे घ्यावी लागली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. समाजाचं नाव घेऊन मत मागणाऱ्यांचं त्या आठवड्यात कोणी ऐकत नव्हतं.

---

खडूफळा

जुईली, वर्णन छान. पण निकालानंतर काय झालं तेही पाहूया. तरुणांच्या संतापावर निवडून आलेले पंतप्रधान नवीन रामगुलाम तेव्हा ७७ वर्षांचे, उपपंतप्रधान बेरांजे ७९चे. हेच ते बेरांजे, ज्यांनी विशीत पक्ष काढला होता. १९६८पासून त्या देशाला पाच पंतप्रधान झाले आणि आडनावं तीन: रामगुलाम, जगन्नाथ, बेरांजे. २०१७ला तर अनिरुद्ध जगन्नाथ यांनी पद सोडलं आणि निवडणूक न होता मुलगा प्रविंद पंतप्रधान झाला.

शिवाय २०२५च्या अर्थसंकल्पात सार्वत्रिक पेन्शनचं वय ६०वरून टप्प्याटप्प्याने ६५ करायचं ठरलं आणि लोक पुन्हा रस्त्यावर आले. तरुण मतदार सत्ता बदलतो, पण पक्षाच्या आत कोण बसणार हे तो ठरवत नाही. पक्षांतर्गत निवडणूक, निवडणूक खर्चाचा हिशेब, हे विषय कोणत्याही तरुण चळवळीने इतक्या नेटाने लावून धरलेले दिसत नाहीत. मला वाटतं समाजाच्या रकान्यापेक्षा घराण्यांचा प्रश्न मोठा आहे.

---

वाकोआची_सून

@खडूफळा, घराण्यांबद्दल पूर्ण सहमत, पण दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. पंतप्रधान कोणत्या समाजाचा, आणि त्यातही कोणत्या जातीचा असावा, हे लोकांनी मनात गृहीत धरलेलं असतं. ते गृहीत धरलं की निवडीला माणसं उरतात किती? बेरांजे २००३ ते २००५ पंतप्रधान होते, आतापर्यंतचे एकमेव बिगर-हिंदू. आणि तेही जगन्नाथांशी आधीच ठरलेल्या वाटणीतून आलेले.

एक गोष्ट मात्र बदलली, ती नोंदवायला हवी. ज्या रेझिस्तान्स पक्षाचे अर्ज बाद व्हायचे त्यातले अशोक सुब्रों, कुगन पारापेन आणि बबिता ठानू २०२४ला निवडून आले. सुब्रों आज मंत्री आहेत. पन्नास वर्षांपूर्वी मुलांनी मागितलेली क्रिओल २०१२पासून प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय आहे, तसा मराठीही आहे. माझी लेक मराठी घेते, तिची मैत्रीण क्रिओल.

---

सह्यभटक्या

ताई, एक विचारू? तिथल्या मराठी तरुणांना हा रकाना कसा वाटतो? मराठी तर चारांत कुठेच नाहीत.

---

वाकोआची_सून

मराठी 'हिंदू'त मोजले जातात. समाज लहान, देशाच्या दोनेक टक्के. कास्कावेल आणि ब्लॅक रिव्हरकडची गावं जुनी, रत्नागिरीकडून आलेल्यांची. मराठी मंडळींच्या संस्था आहेत, कायद्याने स्थापन झालेली मराठी-भाषक संघटना आहे, मोका या गावी महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवतात.

माझ्या नवऱ्याच्या पिढीतल्या काहींना वाटतं, मोठ्या हिंदू रकान्यात आपण दिसतच नाही, आपल्याला वेगळी ओळख हवी. भाचे-पुतण्यांना विचारलं तर ते म्हणतात, झाकरी आम्ही नाचू, आरती आम्ही म्हणू, पण मतदानाच्या वेळी आमचं मराठीपण कोणी मोजू नये. मला दुसरं पटतं. संस्कृती जपायला सुट्टी हवी, शाळेत तास हवा, मंडळाला अनुदान हवं. ते सगळं इथे मिळतं. त्यासाठी उमेदवाराच्या माथी समाज कशाला?

---

सलीम_मालेगाव

गणितवेडा यांनी सांगितलेला यादीचा मार्ग मला चालेल, जर यादीत सगळे समाज येतील ही अट कायद्यात असेल. पक्षाच्या सदिच्छेवर सोडायला मी तयार नाही.

---

रानजाई

सलीमभाई, ती अट मलाही मान्य.

आणि आता अडचण संख्येचीही नाही. या तरतुदी बदलायला संसदेत तीन-चतुर्थांश मतं लागतात. डिसेंबर २०१८मध्ये प्रविंद जगन्नाथ सरकारने आणलेलं निवडणूक सुधारणा विधेयक त्याच कारणाने अडकलं, मतदानालाही टाकता आलं नाही. आजच्या आघाडीने थेट निवडून येणाऱ्या ६२ पैकी ६० जागा जिंकल्या आहेत. ज्यांनी रकान्याविरुद्ध उभं आयुष्य वेचलं ते मंत्रिमंडळात आहेत, ज्यांनी विशीत समाजभेदाविरुद्ध पक्ष काढला त्यांचा पक्ष याच आघाडीत निवडून आला आहे. पुढची निवडणूक २०२९च्या सुमाराला येईल. तोवर हे विधेयक आलं नाही तर त्याचं कारण त्यांना त्या १ नोव्हेंबरला चिडलेल्या पोरांपुढे सांगावं लागेल.